डिग्री कुणाला दाखवायची आहे?

पत्र थोडक्यात: भुसावळ तालुक्यातल्या एका गावातून २७ वर्षांच्या तरुणाचं पत्र आलं आहे. दहावीनंतर त्याने इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, ७१ टक्के मिळाले. पाच वर्षांपासून तो जळगाव एमआयडीसीतल्या एका पाइप कारखान्यात मेंटेनन्सला आहे. तिन्ही शिफ्ट कराव्या लागतात, हातात २४ हजार येतात. मागच्या वर्षी त्याच विभागात एक बीई झालेला मुलगा लागला. त्याला पहिल्या दिवसापासून 'इंजिनिअर' हे पद आणि तीन हजार जास्त. "रात्री दोनला एक्स्ट्रुडरचा (पाइप काढणाऱ्या मशीनचा) ड्राइव्ह, म्हणजे मोटारीचा वेग सांभाळणारं यंत्र, ट्रिप झाला की तो मलाच फोन करतो, पण मीटिंगला खुर्ची त्याला असते. आणि खरं सांगायचं तर ड्राइव्ह आतून कसा चालतो हे मलाही कुणी शिकवलं नाही, मी नुसता अंदाजाने चालू करतो." विभागातले जुने साहेब म्हणतात, 'मी नोकरी करून एएमआयई केलं, तू पण कर.' (एएमआयई म्हणजे नोकरी करता करता द्यायची, एके काळी बीईच्या बरोबरीची धरली जाणारी परीक्षा.) घरी केळीची दोन एकर. वडील म्हणतात, 'शिकाचं आसीन तं शिक, पन नोकरी सोडू नको.' दोन स्थळं 'मुलगा फक्त डिप्लोमा' म्हणून फिरली. अशात एका एजंटाने दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठाची बीटेक 'घरबसल्या, दीड वर्षात, रेग्युलरची' मिळवून देतो असं सांगितलं आहे. एकूण १ लाख ४० हजार. १० हजार दिलेले आहेत, पुढचा हप्ता महिनाअखेरीस. पत्राचा शेवट दोनच शब्दांचा: "भरू का?"

भाऊ, भरू नका.

बाकीचं सावकाश बोलू, पण महिनाअखेर जवळ आहे म्हणून हे आधी. एजंटाकडे मूळ मार्कशीट किंवा डिप्लोमाचं मूळ प्रमाणपत्र दिलं असेल तर ते आजच जाऊन परत घ्या. पैशांचं नंतर. १० हजारांची पावती नसेल तर व्हॉट्सॲपवर लिहा: 'अमुक तारखेला प्रवेशासाठी दिलेले १० हजार परत हवेत, मला प्रवेश घ्यायचा नाही.' त्याचं जे उत्तर येईल तीच तुमची पावती. पैसे मिळाले तर ठीक. नाही मिळाले तरी १० हजारांच्या मागे आणखी १ लाख ३० हजार पाठवायचे नसतात.

एजंटाने तुम्हाला यूजीसीचं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचं, एक पत्र दाखवलं, 'दूरस्थ पदवी आता रेग्युलरच्या बरोबरीची' असं. ते पत्र खोटं नाही. यूजीसीने २०२२ मध्ये तसं स्पष्ट केलं होतं, पण ते ज्या विषयांना दूरस्थ शिक्षणाची परवानगी आहे त्यांच्यापुरतं. बीए, बीकॉम, एमए यांना आहे. अभियांत्रिकीला नाही. यूजीसीच्या २०२० च्या नियमांत दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने जे विषय शिकवता येत नाहीत त्यांची यादी आहे. वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी यांच्या जोडीला अभियांत्रिकी त्यातच बसते. एजंट मंडळी खरं पत्र दाखवून त्याचा खोटा अर्थ सांगतात, म्हणून शिकलेली माणसंही फसतात.

यात पोळलेले लोक कमी नाहीत. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ओडिशाच्या लिफ्ट इरिगेशन महामंडळाच्या प्रकरणात निकाल दिला. चार अभिमत विद्यापीठांनी एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या केंद्रीय परिषदेच्या) मान्यतेशिवाय पत्राद्वारे अभियांत्रिकीच्या पदव्या वाटल्या होत्या. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांना पुन्हा परीक्षा देण्याची संधी मिळाली. त्यानंतरच्यांच्या पदव्या रद्द झाल्या, आणि त्या पदवीवर मिळालेली बढतीही काढून घ्या असं न्यायालयाने सांगितलं. त्यांतले कित्येक तुमच्यासारखेच नोकरी करून शिकणारे होते.

'पण एजंट तर रेग्युलरची देतोय, दूरस्थची नाही,' असं तुम्ही म्हणाल. ते आणखी वाईट आहे. तुमचं पीएफचं पासबुक मोबाइलवर उघडून बघा. महिन्यामागून महिना जळगावच्या कारखान्याची वर्गणी जमा झालेली दिसेल. आणि डिग्रीवर लिहिलेलं असणार की त्याच महिन्यांत तुम्ही हजारभर किलोमीटरवर पूर्णवेळ वर्गात बसला होता. उद्या चाकणची किंवा नाशिकची एखादी बरी कंपनी तुम्हाला घ्यायला निघाली की तिचा पडताळणीवाला हे दोन कागद शेजारी ठेवतो. त्याला विद्यापीठ खरं की खोटं हे तपासायचीही गरज पडत नाही. तुमच्या हातातली ऑफर तर जातेच, पण डिप्लोमा आणि पाच वर्षांचा खरा अनुभव यांच्याकडेही मग संशयाने पाहिलं जातं.

साहेबांचा सल्ला मात्र मी मानाने घेतो. एएमआयई ही खरोखर अवघड परीक्षा होती. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही संस्था १९२० ची आहे, आणि दीपनगरचं वीज केंद्र काय, रेल्वे काय, वरणगाव-भुसावळच्या आयुध निर्माणी काय, आपल्या भागात कित्येक जण ड्यूटी करून, रात्री अभ्यास करून त्या वाटेने साहेब झाले. पण पदवीशी समकक्षता ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी केलेल्यांनाच आहे. तुम्ही तेव्हा दहावीच्या आसपास असाल. साहेबांच्या काळी ते दार उघडं होतं, त्यांच्या लेखी ते अजूनही उघडंच आहे. वडीलधाऱ्यांनी मनापासून सांगितलेला मार्गही एकदा तपासून घ्यावा तो यासाठी.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. 'डिग्री कशी मिळवू' असं तुम्ही विचारता. ती कुणाला दाखवायची आहे, हे मात्र पत्रात कुठेच नाही. मीटिंगमधली खुर्ची, तीन हजारांचा फरक आणि फिरलेली स्थळं, ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि तिन्हींवर तुम्ही एकच औषध काढलं आहे.

पैशांचं आधी बघू, कारण ते मोजता येतं. नोकरी सोडून बीईच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला तर तीन वर्षं जातील. २४ हजारांनी ३६ महिन्यांचे होतात ८ लाख ६४ हजार, फी आणि पुस्तकं सोडून. त्या बीईवाल्याला तुमच्यापेक्षा जास्त मिळतात महिना तीन हजार, वर्षाचे ३६ हजार. या फरकातून बुडालेला पगार भरून निघायला २४ वर्षं लागतील. हा हिशेब थोडा कडक आहे, मान्य. फरक पुढे वाढतो, डिग्रीवाल्याला कंपनी बदलणं सोपं जातं, वरच्या पदांची दारं उघडतात. पण मग डिग्रीचा फायदा दुसऱ्या कंपनीत जाण्यात आहे, तीन हजारांत नाही. तुम्ही जळगाव-भुसावळ सोडायला तयार आहात का? केळीची दोन एकर आणि वडिलांचं वय बघता याचं उत्तर 'नाही' असेल, तर याच कारखान्यात डिग्रीने काय बदलतं तेवढंच बघायचं.

आणि ते एचआरला विचारल्याशिवाय कळणार नाही. चहाच्या टपरीवर नाही, वेळ घेऊन विचारा. नोकरीत असताना डिग्री घेतली तर पद बदलतं, की नव्या उमेदवारासारखा अर्ज करावा लागतो? डिप्लोमावाल्यांना इथे कुठवर जाता येतं, आणि तिथवर गेलेला कुणी आहे का? बऱ्याच कारखान्यांत नंतर मिळवलेली डिग्री फाइलला लागते आणि पद आहे तेच राहतं. तुमच्याकडे तसं असेल तर ते आत्ता कळलेलं बरं.

सरकारी नोकरी मनात असेल तर 'ती डिग्रीशिवाय मिळत नाही' हा समज काढून टाकायला हवा. रेल्वेच्या कनिष्ठ अभियंता भरतीला डिप्लोमा चालतो. एसएससीच्या, म्हणजे केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाच्या, कनिष्ठ अभियंता परीक्षेलाही चालतो. राज्याच्या वीज कंपन्यांतही डिप्लोमाधारकांसाठी पदं निघतात. बीई झालेली कितीतरी मुलं त्याच फॉर्मच्या रांगेत तुमच्या पुढे-मागे उभी असतात. डिग्री लागते ती एमपीएससीच्या अभियांत्रिकी सेवेला, 'गेट' या परीक्षेतून होणाऱ्या सरकारी कंपन्यांच्या भरतीला आणि एमटेकला. भुसावळच्या माणसाला रेल्वेची परीक्षा नवी नाही. गल्लीत कुणी ना कुणी तिची तयारी करतच असतो. २७ व्या वर्षी तुमच्याकडे वेळ आहे, पण वयाची अट प्रत्येक जाहिरातीत नीट वाचा. दीड वर्ष एजंटाच्या फोनची वाट बघण्यापेक्षा तीच दीड वर्षं या परीक्षेला दिली तर निदान हॉल तिकीट तरी खरं मिळेल.

खुर्चीचं दुखणं मला जास्त खरं वाटतं. रात्री दोनला मशीन तुम्ही चालू करता आणि सकाळी बोलतो दुसरा, हे कुणालाही लागेल. पण मीटिंगमध्ये चालतात कागद, आणि रात्रीच्या कामाचा तुमच्याकडे एकही कागद नाही. आजपासून एक वही घाला. तारीख, कोणती लाइन, ड्राइव्हच्या डिस्प्लेवर कोणता फॉल्ट आला, कारण काय सापडलं, काय बदललं, मशीन किती वेळ उभी होती. 'हीटर बँड जळाला, बदलला' एवढ्यावर थांबू नका. तीन महिन्यांत तोच बँड त्याच झोनवर चौथ्यांदा जळला असेल तर ते त्या वहीतच दिसेल. मग साहेबांना म्हणा, 'हे पुढच्या मीटिंगला दहा मिनिटं मांडू द्या.' सगळेच साहेब हो म्हणतील असं नाही. एएमआयई करून वर आलेला माणूस म्हणेल असं मला वाटतं.

वहीच्या जोडीला दोन कागद मिळवता येतील. एक, विद्युत पर्यवेक्षकाचं सरकारी प्रमाणपत्र. इलेक्ट्रिकलच्या डिप्लोमाधारकाला अनुभवाच्या दाखल्यावर ते मिळतं. चौकशी जळगावच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात करा. दुसरा, ऊर्जा व्यवस्थापकाची राष्ट्रीय परीक्षा, जी ब्युरो ऑफ एनर्जी एफिशिअन्सीतर्फे होते. डिप्लोमावाल्यांना तिला डिग्रीवाल्यांपेक्षा जास्त वर्षांचा अनुभव लागतो, तो तुमचा भरत आला असेल. पाइप कारखान्यात हीटर, चिलर आणि मोटारी मिळून वीजबिल काय येतं ते मालकाला विचारा. ते बिल कमी करून दाखवणाऱ्याची डिग्री कुणी काढून बघत नाही.

एवढं सगळं वाचूनही 'मला बीई करायचंच आहे' असं वाटत असेल, तर मी अडवणार नाही. कारण तुमच्या पत्रात एक ओळ आहे, ड्राइव्ह आतून कसा चालतो हे कुणी शिकवलं नाही ही. खुर्ची, पगार, स्थळं या कशाचाही तिच्याशी संबंध नाही. ज्याला ही टोचणी आहे त्याने शिकावं. एजंट विकतोय त्या डिग्रीतून हे उत्तर मिळणार नव्हतं, एवढं मात्र लक्षात ठेवा.

खरे मार्ग दोन आहेत. पहिला, नोकरदारांसाठीची वेगळी तुकडी. एआयसीटीई काही कॉलेजांना सोयीच्या वेळेत, म्हणजे संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी, पदवीचे वर्ग चालवायची परवानगी देते. अनुभवाच्या, आणि नोकरीचं ठिकाण कॉलेजपासून किती लांब असावं याच्या अटी असतात. त्या त्या वर्षीच्या नियमांत बघाव्या लागतात. जळगाव, बांभोरी, भुसावळ, फैजपूर या पट्ट्यात कॉलेजं आहेत, पण प्रत्येकाकडे ही तुकडी असतेच असं नाही. कॉलेजात गेलात की 'नोकरी करून होईल का' असं विचारू नका. त्यावर ऑफिसातला माणूस 'हो, बघू की, मॅनेज होईल' म्हणतो, आणि हे 'मॅनेज' म्हणजे पुन्हा खोटी हजेरीच. त्याऐवजी म्हणा, 'या वर्षीचं एआयसीटीईचं मान्यतापत्र दाखवा, त्यात वर्किंग प्रोफेशनल्ससाठी इलेक्ट्रिकलच्या जागा कुठे लिहिल्या आहेत?' पत्र दाखवलं तर पुढचं विचारा: प्रॅक्टिकल कोणत्या दिवशी, विद्यापीठाची परीक्षा दिवसा असते तेव्हा काय, आणि मागच्या तुकडीतले किती जण अजून टिकून आहेत.

इथे तुमची खरी अडचण शिफ्टची आहे. दर तिसऱ्या आठवड्याला सेकंड शिफ्ट येते, तीन ते अकरा. त्या आठवड्याचे संध्याकाळचे सगळे वर्ग बुडाले, बाकी एकही चुकवला नाही, तरी हजेरी होते ६७ टक्क्यांच्या आत. लागते ७५. म्हणजे जनरल शिफ्ट किंवा ठरलेली फर्स्ट शिफ्ट मिळाल्याशिवाय हे गणित जमत नाही, तुम्ही कितीही जिद्दी असा. जनरल शिफ्टला नाईटचा भत्ता जातो, तोही हिशेबात धरा. प्रवेशाआधी कंपनीकडून दोन गोष्टी लेखी घ्या, शिकायची परवानगी आणि शिफ्टची सोय. सुपरवायझर तोंडी 'ॲडजस्ट करू' म्हणाला तर तो सुपरवायझर असेपर्यंतच ते चालतं.

दुसरा मार्ग, नोकरी सोडून थेट दुसऱ्या वर्षाला. डिप्लोमाला खुल्या गटात ४५ टक्के लागतात, तुमचे ७१ आहेत. सीईटी द्यावी लागत नाही, यादी डिप्लोमाच्या गुणांवर लागते. जळगावचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय घराजवळ आहे. तिथे जागा मिळाली तर भाड्याची खोली आणि मेस वाचते. प्रवेश सरकारच्या कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतूनच घ्या, कारण फीमधली सवलत आणि शिष्यवृत्ती त्यालाच लागू होते. कॉलेजच्या कोट्यातून परस्पर जागा घेतली की ती जाते. वडिलांनी 'नोकरी सोडू नको' म्हटलंय ते नुसत्या भीतीपोटी नाही. केळीचा भाव एका हंगामात कुठून कुठे जातो हे त्यांना माहीत आहे, आणि तुमचे २४ हजार हे घरातले एकमेव ठरलेले पैसे असणार. या मार्गाने जायचं तर निदान वर्षभराचा घरखर्च बाजूला पडल्यावर जा.

कोणताही मार्ग घ्या, त्याआधी सहा आठवड्यांची परीक्षा स्वतःची घ्या. थेट दुसऱ्या वर्षाला आलेली डिप्लोमाची मुलं बहुतेक वेळा गणितात अडकतात, एम-थ्रीमध्ये, म्हणजे तिसऱ्या सत्राच्या गणितात. लॅप्लास, फूरियर हे बारावीचं कॅल्क्युलस आणि पहिल्या वर्षाचं गणित धरून शिकवलं जातं, आणि डिप्लोमावाल्याचं ते दोन्ही तेवढ्या खोलात झालेलं नसतं. एनपीटीईएलवर, म्हणजे आयआयटीच्या प्राध्यापकांच्या ऑनलाइन व्याख्यानांच्या संकेतस्थळावर, याची व्याख्यानं फुकट आहेत. रोज दीड तास, कागद-पेन घेऊन. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात कुणालाही जमेल. नाईटच्या आठवड्यात, मे महिन्यात, दुपारी पत्रे तापलेल्या घरात जमतं का ते बघा. सहा आठवड्यांनी वही बंद करून एक लॅप्लासचं गणित सुटलं तर पुढे जायला हरकत नाही. त्या बीईवाल्या मुलाकडे एम-थ्रीच्या नोट्स असतील, मागा. तो तुम्हाला रात्री दोनला फोन करतो, तुम्ही त्याला संध्याकाळी सातला करा. तुमचं भांडण त्याच्याशी नाहीच आहे.

ज्यांना अभियांत्रिकीची डिग्रीच हवी असं नाही, विषय हवा आहे, त्यांच्यासाठी आयआयटी मद्रासच्या इलेक्ट्रॉनिक सिस्टिम्स आणि डेटा सायन्स या बीएस पदव्या आहेत. शिकवणं ऑनलाइन, परीक्षा केंद्रावर जाऊन. मधल्या टप्प्यावर थांबलात तरी त्या टप्प्याचं प्रमाणपत्र मिळतं. पण ती बीएस आहे, बीई नाही. 'बीई किंवा बीटेक' असं लिहिलेल्या जाहिरातीला ती चालेल असं धरून चालू नका. डिप्लोमावर पात्रता कशी धरतात तेही आधी बघा.

राहता राहिली स्थळं. 'फक्त डिप्लोमा' हे सांगायला सोपं कारण असतं. शिफ्टची नोकरी, खासगी कारखाना, पुण्यात फ्लॅट नाही, हे तोंडावर म्हणता येत नाही म्हणून डिप्लोमा पुढे करतात. या कारणासाठी डिग्री घेतलीत तर पुढचं स्थळ 'पुण्याला का नाही?' असं विचारेल. आणि एजंटाच्या भरवशावर बायोडाटावर 'बीटेक चालू' लिहिलं असेल तर तेवढं काढून टाका. सोयरीक जमल्यावर ते उघडं पडण्यापेक्षा आधी डिप्लोमा सांगितलेला बरा.

अशीच अडचण असलेल्या आणखी दोघांची पत्रं आहेत, त्यांनाही इथेच उत्तर. आयटीआय करून कामाला लागलेल्यांनी बीईचा विचार आत्ता करू नये. तुमची पुढची पायरी डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाची आहे. जवळच्या शासकीय तंत्रनिकेतनात पात्रता आणि जागा विचारा. आणि पाचोऱ्याच्या ताई, तुम्ही डिप्लोमानंतर घरच्यांनी फीसाठी थांबवलं असं लिहिता. राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये काढलेल्या निर्णयाप्रमाणे ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. प्रवेश कॅपमधूनच हवा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि लागू असेल तिथे जात पडताळणी यांचं काम आजच सुरू करा. प्रवेशाच्या दिवसांत तहसीलबाहेरच्या रांगेत ते वेळेवर होत नाही.